सोनेरी मुलाम्याचे युग

शिकागो हे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित माणसाला प्रथम आठवतात ते स्वामी विवेकानंद आणि सप्टेंबर १८९३ मधील सर्वधर्मपरिषद. ही परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, ते प्रदर्शन कोलंबसाच्या अमेरिकेतील आगमनाला ४०० वर्षे झाली म्हणून भरविलेले होते. पांढऱ्याशुभ्र भव्य इमारती, विजेच्या दिव्यांचा लखलखाट, नाना तऱ्हेची यंत्रे! यादवी युद्धात होरपळलेले एक राष्ट्र तीस वर्षांत कुठवर आले, हे जगाने पाहावे असा त्यामागे उद्देश होता. परंतु त्याच वर्षी अमेरिकेत बँका बुडत होत्या आणि कारखान्यांना टाळी लागत होती. पुढील वर्षी जुलै महिन्यात प्रदर्शनाच्या कित्येक इमारती आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या, तेव्हा शिकागोच्या रस्त्यांवर लष्कर उभे होते.

एकाच शहरातील, वर्षभराच्या अंतराने दिसणारी ही दोन चित्रे एकाच युगाची आहेत. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर या दोन लेखकांनी मिळून १८७३ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या नावात त्यांनी आपल्या काळाला 'सुवर्णयुग' न म्हणता 'सोन्याचा मुलामा दिलेले युग' म्हटले, आणि इतिहासकारांनी पुढे तेच नाव या सबंध कालखंडाला दिले. मुलामा म्हटला की दोन प्रश्न ओघानेच येतात : हे सोने आले कुठून, आणि त्याच्या खाली कोणता धातू होता? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

रुळांवरून धावलेले राष्ट्र

यादवी युद्ध १८६५ साली संपले, त्या वेळी अमेरिकेत सुमारे ३५,००० मैल लोहमार्ग होता. १९०० साली तो १,९०,००० मैलांच्या वर गेला. १० मे १८६९ रोजी यूटा प्रदेशात पूर्वेकडून आलेले आणि पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांना जोडले गेले आणि प्रथमच अटलांटिकच्या बाजूची लोहमार्गांची व्यवस्था पॅसिफिककडील प्रदेशाशी सांधली गेली. त्या प्रसंगी सोन्याचा एक खिळा बसविण्यात आला होता.

हे कार्य केवळ धाडसी भांडवलदारांनी स्वतःच्या हिमतीवर केले, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. १८६२ च्या कायद्यान्वये सरकारने कंपन्यांना दर मैलामागे कर्ज दिले. सपाटीवर १६,००० डॉलर, पायथ्याच्या चढणीवर ३२,००० आणि डोंगरात ४८,००० असा दर होता. शिवाय रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन फुकट मिळाली. एकूण सर्व लोहमार्गांना केंद्र सरकारने दिलेली जमीन सुमारे १३ कोटी एकर भरते. पूर्वेकडील कंपनीच्या सूत्रधारांनी आपलीच एक बांधकाम कंपनी काढून तिला फुगवलेल्या दराने कामे दिली आणि लोकप्रतिनिधींनी चौकशी करू नये म्हणून त्यांना तिचे शेअर स्वस्तात वाटले. हे प्रकरण १८७२ साली उघडकीस आले व अमेरिकेत मोठी खळबळ माजली.

प्रत्यक्ष घाम गाळणारे मात्र वेगळेच होते. पश्चिमेकडील मार्गावर दहा हजारांवर चिनी मजूर राबत होते. सिएरा नेवाडाच्या कड्यांत त्यांनी बोगदे खोदले, हिमवादळे सोसली. १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद करण्यात आली. ज्या गवताळ मैदानांतून गाड्या धावू लागल्या, तेथील मूळ रहिवासी जमातींचे सारे जीवन रानगव्यांच्या कळपांवर अवलंबून होते. कातड्यांच्या व्यापारासाठी हे कळप नष्ट करण्यात आले, जमाती राखीव प्रदेशांत कोंडल्या गेल्या, आणि १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी येथील हत्याकांडाने त्यांचा सशस्त्र प्रतिकार जवळजवळ संपला.

रेल्वेमुळे सबंध देश एक बाजारपेठ बनला. इतकेच काय, घड्याळेही बदलली. पूर्वी गावोगावची वेळ सूर्यावर ठरे. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी देशाचे कालविभाग पाडले आणि लोकांनी निमूटपणे त्यांप्रमाणे आपली घड्याळे लावली. सरकारी कायदा यायला मग १९१८ साल उजाडले.

पोलाद आणि रॉकेल

रुळांना पोलाद हवे होते. अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडमधील एका विणकराचा मुलगा. १८४८ साली तो अमेरिकेत आला, तेव्हा कापडगिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरहून किंचित कमी पगारावर बॉबिने बदलीत असे. १८७५ साली त्याने पिट्सबर्गजवळ पोलादाचा प्रचंड कारखाना सुरू केला. प्रत्येक टनाचा खर्च पै-पैचा हिशेब ठेवून खाली आणावयाचा, मंदीत इतर लोक हातपाय आखडून बसले असता आपण नवी यंत्रे घ्यावयाची, हे त्याचे सूत्र होते. १९०१ साली जे. पी. मॉर्गनच्या पुढाकाराने त्याचा धंदा ४८ कोटी डॉलरांना विकत घेतला गेला.

जॉन रॉकफेलरची रीत निराळी होती. तेलविहिरी खणण्याच्या जुगारात पडण्याऐवजी त्याने तेलशुद्धीकरणाचा धंदा हाती घेतला. १८७० साली त्याने स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापन केली. तिचा माल इतका असे की रेल्वे कंपन्या तिला भाड्यात गुपचूप सूट देत. प्रतिस्पर्ध्याला भाडे पुरे पडे, ह्याला कमी, मग प्रतिस्पर्धी टिकणार कसा? दहा वर्षांत देशातील शुद्धीकरणाचा सुमारे नऊ-दशांश धंदा त्याच्या ताब्यात आला. १८८२ साली त्याने 'ट्रस्ट'ची युक्ती योजिली. वेगवेगळ्या राज्यांतील अनेक कंपन्यांचे भागधारक आपले शेअर थोड्याशा विश्वस्तांच्या हवाली करीत व त्यांच्या बदल्यात नफ्याचा हक्क देणारी प्रमाणपत्रे घेत. कागदावर कंपन्या वेगळ्या, पण हुकूम एकाचा! ही युक्ती साखर, मद्यार्क वगैरे इतर धंद्यांनीही उचलली.

या मंडळींनी समाजाला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोलाद स्वस्त झाले. रॉकेल गरिबाच्या घरात पोहोचले, आणि अमेरिकेतूनच नव्हे तर समुद्रापार हिंदुस्थानातही आले. कार्नेगीच्या देणग्यांतून जगभर सुमारे २,५०० ग्रंथालये उभी राहिली. पण ज्या कामगाराला रोज बारा तास भट्टीपुढे उभे राहावे लागे, त्याने या ग्रंथालयात जावे तरी केव्हा?

१८९२ साली होमस्टेड येथील कार्नेगीच्या कारखान्यात मजुरीच्या दरावरून तंटा झाला. १८८६ साली कामगारांच्या संघटनेचा हक्क लेख लिहून मान्य करणारा कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडात होता. कारभार पाहणाऱ्या हेन्री फ्रिकने टाळेबंदी जाहीर केली आणि एका खाजगी संस्थेचे सुमारे ३०० बंदूकधारी पहारेकरी रातोरात नदीतून आणले. ६ जुलै रोजी काठावर लढाई जुंपली आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. मागाहून राज्याची फौज आली, संप मोडला, आणि पोलादधंद्यात कामगार संघटनेला पुन्हा पाय रोवायला १९३० नंतरचे दशक उजाडावे लागले.

कायद्याचे शब्द आणि कायद्याचे हात

येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. लोकशाही राष्ट्रात कायदा होता, मतपेटी होती, न्यायालय होते. मग दुर्बलाला संरक्षण का मिळाले नाही? कायदे झाले नाहीत असे नव्हे. झालेल्या कायद्यांचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली. कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता योग्य न्यायप्रक्रियेवाचून हिरावून घेणार नाही, कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, असे तिचे अभिवचन होते. ते मुख्यतः दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी होते. १८७३ साली, म्हणजे ट्वेनची कादंबरी निघाली त्याच वर्षी, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. इकडील शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी तो आदर्श ठरावा, अशी त्यांची आशा होती.

परंतु १८७७ साली दक्षिणेतील राज्यांवरील केंद्राचा बंदोबस्त उठला आणि मुक्त झालेल्या माणसांना जुन्या मालकवर्गाच्या दयेवर सोडण्यात आले. १८८६ साली एका रेल्वे कंपनीच्या कराच्या खटल्यात सरन्यायाधीशांनी सांगून टाकले की, ही दुरुस्ती कंपन्यांनाही लागू आहे, त्यावर वाद ऐकण्याची न्यायालयाला गरज वाटत नाही. कंपनी 'व्यक्ती' ठरली! उलट १८९६ साली त्याच न्यायालयाने कृष्णवर्णीयांना आगगाडीच्या वेगळ्या डब्यात बसविणे घटनेला धरून आहे, असा निकाल दिला. ज्यांच्यासाठी ढाल घडविली त्यांच्या हातून ती निसटली आणि ज्यांना तिची गरज नव्हती त्यांनी ती उचलली.

दुसरे उदाहरण १८९० च्या शर्मन कायद्याचे. व्यापाराला अडथळा आणणारे ट्रस्ट व कारस्थाने बेकायदा ठरविणारा हा कायदा लोकांच्या रेट्यामुळे झाला. १८९४ साली शिकागोजवळच्या पुलमन येथे रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कंपनीने मंदीचे कारण सांगून मजुरी सुमारे चौथ्या हिश्श्याने कापली, पण कामगार राहत होते त्या कंपनीच्याच घरांचे भाडे मात्र कमी केले नाही. कामगारांनी संप केला. यूजीन डेब्ज यांच्या नेतृत्वाखालील रेल्वे कामगारांनी पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालविण्याचे नाकारले आणि पश्चिमेकडील वाहतूक ठप्प झाली. सरकारने टपालाला व व्यापाराला अडथळा होतो म्हणून न्यायालयातून मनाईहुकूम आणला, आणि त्यासाठी शर्मन कायद्याचाही आधार घेतला! हा हुकूम मिळविणारे अ‍ॅटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी हे पूर्वीचे रेल्वे कंपन्यांचे वकील होते. इलिनॉयचे गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांचा विरोध असताही अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी लष्कर धाडले. डेब्ज यांना सहा महिन्यांची कैद झाली. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेले शिकागोच्या रस्त्यांवरील लष्कर ते हेच.

१८९५ च्या जानेवारीत देशातील बहुतेक सर्व साखरशुद्धीकरण हाती असलेल्या ट्रस्टविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे, असे कारण देऊन ट्रस्ट सुटला. चार महिन्यांनी डेब्ज यांची शिक्षा मात्र कायम झाली.

मुलामा उडाल्यावर

ही कहाणी येथे संपत नाही. शेतकऱ्यांच्या चळवळी, कामगारांच्या संघटना आणि निर्भीड पत्रकार यांनी पुढील वीस वर्षे हा प्रश्न धगधगत ठेवला. आयडा टार्बेल यांनी स्टँडर्ड ऑइलचा कारभार कागदपत्रांनिशी उघडा केला. त्यांचा ग्रंथ १९०४ साली आला आणि १९११ साली त्याच शर्मन कायद्याखाली ती कंपनी मोडून तिचे ३४ तुकडे करण्यात आले. १९१३ साली सिनेटरांची निवड कायदेमंडळांऐवजी थेट जनतेने करावी अशी घटनादुरुस्ती झाली. चौदाव्या दुरुस्तीला तिचा मूळ अर्थ परत मिळण्यास मात्र १९५४ चा शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा निकाल यावा लागला.

शर्मन कायद्याचे शब्द १८९५ साली होते तेच १९११ साली होते. फरक पडला तो तो कायदा कोण वापरतो आणि कोणाच्या दबावाखाली वापरतो यात. उत्तम कायदा पुस्तकात लिहिला की आपले काम संपले, असे मानणाऱ्या प्रत्येक लोकशाहीने या युगाचा इतिहास वाचावा. घटनेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या देशातील विद्यार्थ्यांनी तर तो अवश्य वाचावा.