विश्लेषण : बाखचा चेलो खांद्यावर वाजत होता का?

चेलो म्हटले की खुर्चीवर बसलेल्या वादकाने दोन गुडघ्यांमध्ये धरलेले मोठे वाद्य डोळ्यासमोर येते. मात्र गेल्या वीस वर्षांत युरोपातील काही मैफलींत गळ्यात पट्टा अडकवून छातीवर आडवा धरलेला, जेमतेम हातभर लांबीचा चेलो दिसू लागला आहे. अठराव्या शतकातील एका संगीतकोड्याचे उत्तर शोधण्यासाठी तो नव्याने बनवण्यात आला. त्याने काय सिद्ध झाले आणि काय नाही, याविषयी…

कोडे काय आहे?

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याने १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा सुइट रचल्या. त्यांची बाखच्या हस्ताक्षरातील प्रत उपलब्ध नाही. पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल मात्र टिकली. तिच्यात सहाव्या सुइटसाठी पाच तारांचे वाद्य हवे, अशी नोंद आहे. आजच्या चेलोला चारच तारा असतात. पाचवी, वरच्या सुराची तार नसल्याने वादकाला डाव्या हाताचा अंगठा तारांवर टेकवून अवघड जागी बोटे न्यावी लागतात. मग बाखच्या मनातले वाद्य कोणते होते? नक्कल याबाबत काहीच सांगत नाही.

नवे वाद्य कसे घडले?

बेल्जियमचे व्हायोलिनवादक सिगिसवाल्ड कौकेन जुन्या पद्धतीच्या वादनासाठी ओळखले जातात. त्यांच्यासाठी वादक व वाद्यकारागीर दिमित्री बाद्यारोव यांनी २००४ च्या सुमारास ‘व्हायोलोन्चेलो दा स्पाला’, म्हणजे खांद्यावरचा चेलो तयार केला. त्यासाठी आधार होता तो लाइपझिगचा वाद्यकारागीर योहान क्रिस्टियन हॉफमन याच्या वाद्यांचा. हॉफमन हा बाखच्या परिचयातला. त्याच्या हातची अशी पाच तारांची वाद्ये संग्रहालयांत जपलेली आहेत. त्यांच्या धडाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे. आजच्या चेलोचे धड ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते. लांबी कमी असली तरी धडाची खोली व्हायोलापेक्षा साधारण दुप्पट आहे. आतील हवेचे आकारमान वाढल्याने खालच्या सुरांना आधार मिळतो.

खरी अडचण कुठे?

लाकडापेक्षा तारेत. तारेची लांबी निम्मी केली आणि ताण तोच ठेवला, तर पूर्वीचाच सूर मिळवण्यासाठी तार दर सेंटिमीटरला चौपट जड हवी. चेलोच्या तारेचा कंप पावणारा भाग सुमारे ६९ सेंटिमीटर असतो, खांद्यावरच्या चेलोत तो सुमारे ४२. म्हणजे त्याच ताणाला सर्वांत खालच्या सुराची तार जवळपास पावणेतीन पट जड हवी. तंबोऱ्यात खर्जाची तार इतरांपेक्षा जाड असते, त्यामागेही हेच गणित आहे.

जनावरांच्या आतड्याची साधी तार इतकी जाड केली तर ती ताठर होते आणि आवाज दबका येतो. आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळली की वजन वाढते, लवचीकपणा मात्र राहतो. ही युक्ती युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्यामुळे बाखच्या काळात छोटा चेलो शक्य होता.

वादनात काय बदलते?

तार आखूड असल्याने दोन सुरांमधले अंतर कमी होते आणि व्हायोलिनसारखी बोटे टाकता येतात. सहाव्या सुइटमधील उंच स्वरांच्या जागा आवाक्यात येतात. कौकेन यांचे या वाद्यावरील सहाही सुइटचे ध्वनिमुद्रण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानी व्हायोलिनवादक रियो तेराकादो यांनीही हाच मार्ग धरला.

मग प्रश्न सुटला का?

नाही. बाजूने पुरावे आहेत. लिओपोल्ड मोझार्टच्या १७५६ च्या व्हायोलिनविषयक ग्रंथात ‘हल्ली’ चेलोही पायांमध्ये धरतात असे म्हटले आहे; त्यावरून ही पूर्वीपासूनची एकमेव रीत नसावी, असे दिसते. पाच तारांचा ‘व्हायोला पॉम्पोसा’ बाखनेच शोधला, असे एर्न्स्ट लुडविग गेर्बरने १७९० च्या संगीतकोशात म्हटले. पण हे नाव बाखच्या एकाही रचनेत येत नाही. त्याच्या काही कँटाटांत ‘व्हायोलोन्चेलो पिकोलो’, म्हणजे छोटा चेलो, आहे. तो कसा धरायचा हे लिहिलेले नाही. पायांत धरायचे पाच तारांचे छोटे चेलोही होतेच. शिवाय त्या काळच्या तारा फारशा उरलेल्या नाहीत. नव्या वाद्याचा आवाज आजच्या तारांचाही आहे.

म्हणूनच या प्रयोगाचा निष्कर्ष मर्यादित आहे. असे वाद्य वाजू शकते आणि त्यावर बाख सहज वाजवता येतो, एवढे त्याने दाखवले. बाखने तेच वाद्य योजले होते, हे दाखवलेले नाही. तरी एक समजूत त्याने नक्की हलवली. ‘चेलो’ या शब्दाचा अर्थ तीनशे वर्षांपूर्वीही आजच्याइतकाच ठरलेला होता, असे आता गृहीत धरता येत नाही.