नोमाईंच्या भिंती: ‘आउटर वाइल्ड्स’मधील इतिहासवाचन

विज्ञानकथेवर बेतलेल्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच्या डोळ्यांसमोर उलगडणाऱ्या कथेमागे बहुधा आणखी एक कथा असते, आणि ती खेळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेली असते. कोणत्या वंशाने कोणता ग्रह वसवला, कोणते युद्ध कशावरून पेटले, एखादे अंतराळस्थानक निर्मनुष्य का झाले, याचा हा तपशील असतो आणि खेळणारे त्याला सरसकट ‘लोर’ म्हणतात. ही पार्श्वकथा खेळाडूपर्यंत पोहोचवण्याच्या रीती काळानुसार बदलत गेल्या. 1994 मधील ‘मॅरेथॉन’मध्ये यानातल्या टर्मिनलच्या पडद्यांवर मजकूर वाचावा लागे, त्याच वर्षीच्या ‘सिस्टम शॉक’मध्ये मरण पावलेल्या कर्मचाऱ्यांच्या ध्वनिनोंदी ऐकाव्या लागत, 2002 च्या ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये शिरस्त्राणाच्या काचेतून भिंती आणि यंत्रे निरखली की नोंदी उमटत, 2007 च्या ‘मास इफेक्ट’ने ‘कोडेक्स’ नावाचा लहानसा कोशच खेळाडूच्या हाती दिला, तर 2014 च्या ‘डेस्टिनी’ने आपली बरीचशी पार्श्वकथा खेळाच्या बाहेर वाचाव्या लागणाऱ्या कार्डांवर लिहिली. यांपैकी काही लेखन फार उत्तम आहे. तरीही त्यातले बहुतांश न वाचता खेळ पूर्ण करता येतो, कारण तिथे शस्त्र, कौशल्य आणि सराव यांवर काम भागते आणि लोर ही जिज्ञासूंसाठी ठेवलेली जोड असते.

‘आउटर वाइल्ड्स’ या गेममध्ये हे नाते उलटे आहे, आणि म्हणूनच लोरचा शोध घेणे हे स्वतंत्र काम म्हणून पाहायचे असेल तर त्याच्याइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणे अवघड आहे. अ‍ॅलेक्स बीचम यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंध म्हणून सुरू केलेला हा प्रकल्प पुढे मोबियस डिजिटल या संस्थेने वाढवला, केल्सी बीचम यांनी त्याचे लेखन केले, अँड्र्यू प्रालो यांनी संगीत दिले आणि मे 2019 मध्ये तो प्रकाशित झाला. 2020 मध्ये त्याला बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. या खेळात खेळाडूला पहिल्या मिनिटापासून अखेरपर्यंत एकही नवे शस्त्र मिळत नाही, शक्ती वाढत नाही, आणि एखाद्या दाराची किल्लीही सापडत नाही. आवश्यक ते सारे ज्ञान आधीच असेल तर अगदी थोड्या वेळात शेवटापर्यंत पोहोचता येते. ते ज्ञान नसते, म्हणून खेळ असतो. त्याची कार्यपद्धती समजावून सांगायची तर त्यातील बरीच रहस्ये उघड करावी लागतात. येथे ती अखेरच्या प्रसंगाच्या अलीकडेपर्यंत केली आहेत.

खेळाची मांडणी अशी की टिंबर हार्थ या छोट्या ग्रहावरील एक तरुण अंतराळवीर आपल्या पहिल्या उड्डाणाला निघतो आणि 22 मिनिटांनंतर सूर्याचा स्फोट होऊन सारी ग्रहमाला नष्ट होते. लगेच तो पुन्हा आपल्या शेकोटीपाशी जागा होतो, आणि फक्त त्याची स्मृती शाबूत असते. या ग्रहमालेत फार पूर्वी नोमाई नावाचे तीन डोळ्यांचे प्राणी राहत असत. ते नाहीसे झाले असले तरी त्यांची शहरे, प्रयोगशाळा आणि सांगाडे जागोजागी आहेत. नोमाई कोण होते, ते कशाच्या शोधात होते आणि 22 मिनिटांचे हे आवर्तन कोणी निर्माण केले, हे समजून घेणे एवढेच खेळाडूचे काम आहे.

हे काम मुख्यतः भिंतींसमोर उभे राहून चालते. नोमाईंचे लेखन सर्पिलाकार असते: एका मुळापासून एक वेटोळे निघते, त्याच्या कडेला दुसरे फुटते, त्याला तिसरे, आणि प्रत्येक वेटोळे म्हणजे एका व्यक्तीचे बोलणे असते. अनुवादक यंत्र त्यावर रोखले की मजकूर हळूहळू उलगडतो. मूळ वेटोळे आधी वाचल्याशिवाय त्याच्या फांद्या उघडत नाहीत. त्यामुळे भिंतीवर जे सापडते ते कुणा शाही लेखकाने मागाहून रचलेले वृत्त नसून चालू असलेले संभाषण असते. एक जण शंका घेतो, दुसरा आकडे देतो, तिसरा मध्येच थट्टा करतो, एखादी फांदी मुख्य विषयापासून दूर जाऊन तिथेच थांबते. भिंतीच्या आकारावरूनच वाद किती रंगला हे वाचण्याआधी दिसते. प्रत्येक बोलण्याखाली बोलणाऱ्याचे नाव असल्यामुळे काही तासांनी खेळाडू ‘नोमाई’ असा एकसंध समूह पाहणे सोडून देतो आणि सोलानम, यॅरो, पोक, पाय, इडेया, फायलिक्स अशा व्यक्तींना त्यांच्या स्वभावासह ओळखू लागतो. लेखिकेने नोमाईंना वनस्पतींची नावे दिली आहेत, सोलानम हे तर वांगे आणि बटाटा ज्या प्रजातीत मोडतात तिचेच शास्त्रीय नाव आहे, तर टिंबर हार्थचे रहिवासी स्लेट, गॅब्रो, चर्ट, फेल्डस्पार अशी खडक आणि खनिजांची नावे धारण करतात. एवढ्या साध्या व्यवस्थेमुळे कोणतेही अनोळखी नाव कुठल्या काळातले आणि कोणत्या वंशाचे हे वाचणाऱ्याच्या मनात आपोआप पक्के होते.

यानातील संगणक प्रत्येक शोधाची नोंद ठेवतो आणि त्या नोंदींचे एक जाळे पडद्यावर दाखवतो, ज्यात प्रत्येक स्थळ एक चौकट असते आणि एका स्थळी दुसऱ्याचा उल्लेख सापडला की दोहोंमध्ये रेघ ओढली जाते. प्रत्यक्ष न पाहिलेल्या, केवळ ऐकीव स्थळाची चौकट प्रश्नचिन्ह घेऊन येते. एखाद्या ठिकाणी काही पाहायचे राहिले असेल तर तसेही सूचित होते. या व्यवस्थेचा संयम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ती पुरावे गोळा करते, एकाला दुसरा जोडते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खेळाडूच्या वतीने क्वचितच काढते. बरेच खेळ याच जागी अधीर होतात आणि उत्तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकतात.

लेख वाचणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो केव्हा वाचता येतो हेही महत्त्वाचे, कारण या ग्रहमालेतील प्रत्येक ठिकाण त्या 22 मिनिटांत बदलत जाते. अ‍ॅश ट्विन आणि एम्बर ट्विन हे परस्परांभोवती फिरणारे जुळे ग्रह. पहिल्यावरील वाळूचा प्रचंड झोत दुसऱ्यावर कोसळत राहतो, त्यामुळे एम्बर ट्विनच्या गुहा आणि त्यांतील सूर्यप्रकाशहीन शहर मिनिटागणिक बुजत जाते, तर अ‍ॅश ट्विनवरचे मनोरे त्याच वेळी उघडे पडतात. ब्रिटल हॉलो या ग्रहाच्या पोटात कृष्णविवर आहे, आणि त्याच्या ज्वालामुखी उपग्रहाच्या माऱ्याने कवचाचे तुकडे त्यात पडत राहतात. तेथील क्वांटम ज्ञानाच्या मनोऱ्यात वरपर्यंत चढता येत नाही. तो मनोरा स्वतः कृष्णविवरात कोसळून ग्रहमालेच्या कडेला असलेल्या श्वेतविवरातून बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते, आणि मग भारहीन अवस्थेत तरंगत त्याच्या वरच्या मजल्यावरील भिंत वाचता येते. हे ग्रह खरोखरच गतीच्या नियमांनुसार फिरत असतात. गणनेतील अचूकता टिकावी म्हणून निर्मात्यांनी खेळाडूला विश्वाच्या केंद्रस्थानी स्थिर ठेवून बाकीचे सारे विश्व त्याच्याभोवती हलवले आहे.

लोर आणि कृती यांची सांगड किती बारकाईने घातली आहे हे एम्बर ट्विनवरील एका गुहेत दिसते. तिथे एका महाकाय अँगलरफिशचा जीवाश्म आहे. कपाळावर दिवा लटकवून भक्ष्याला ओढून घेणारे हे मासे डार्क ब्रॅम्बल या धुक्याने भरलेल्या काटेरी प्रदेशात जिवंत आहेत, आणि तिथे शिरलेल्या बहुतेक खेळाडूंचा पहिला प्रवास त्यांच्या जबड्यात संपतो. एम्बर ट्विनवरील नोमाई मुले मात्र या माशाचा खेळ खेळत. एकाने डोळे बांधून मासा व्हायचे आणि बाकीच्यांनी आवाज न करता त्याच्या जवळून निसटायचे. भिंतीवर मुलांनी लिहून ठेवलेले हे नियम वाचताना आधी फक्त कौतुक वाटते, कारण फार पूर्वीच्या मुलांचा आवाज इतका स्पष्ट ऐकू येतो. आणि थोड्या वेळाने उमगते की मासा आंधळा आहे, तो आवाजावर झेप घेतो, आणि इंजिन बंद ठेवून यान नुसते वाहू दिले तर त्याच्या दातांसमोरून जाता येईल. कोणत्याही सूचनाफलकाने हेच सांगितले असते तर ते केवळ मार्गदर्शन ठरले असते. मुलांच्या खेळातून ते कळल्यामुळे नोमाईंच्या घरांतील जीवनही कळते, आणि डार्क ब्रॅम्बलमध्ये आपल्या हरवलेल्या यानाकडे परतताना मरण पावलेले त्यांचे पूर्वज त्या खेळामागे भीती म्हणून उभे असल्याचेही ध्यानात येते.

एम्बर ट्विनवरच उच्च ऊर्जा प्रयोगशाळा आहे. नोमाईंनी कृष्णविवर आणि श्वेतविवर यांची जोडी वापरून दूरस्थ प्रवासाची यंत्रे बनवली होती, आणि अशा प्रवासात वस्तू एका टोकाला आत शिरण्याच्या क्षणभर आधीच दुसऱ्या टोकाला बाहेर पडते असे त्यांच्या मापनात आढळले. प्रयोगशाळेच्या भिंतींवर या विसंगतीची चर्चा आहे: प्रथम मोजणी चुकल्याचा संशय, मग पुन्हा प्रयोग, मग ऊर्जा वाढवली की हे अंतर वाढते असा निष्कर्ष. त्या भिंतींशेजारी प्रयोगाचे साहित्य अजून तसेच ठेवलेले आहे. खेळाडू कृष्णविवराचा आणि श्वेतविवराचा असे दोन्ही गाभे खोबणीत बसवून आपले छोटे टेहळणी यंत्र कृष्णविवरात सोडतो आणि ते आत जाण्यापूर्वीच पलीकडून बाहेर आलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. इतिहासलेखनात साक्षीदाराचे म्हणणे तपासून पाहण्याची अशी सोय जवळजवळ कधीच मिळत नाही. येथे ती मिळते, आणि तिच्यामुळे नोमाईंच्या पुढच्या योजनेवर विश्वास बसतो: ताऱ्याच्या स्फोटाएवढी ऊर्जा मिळाली तर माहिती 22 मिनिटे मागे पाठवता येईल.

याच टप्प्यावर बहुतेक खेळाडू एका चुकीच्या निष्कर्षाला पोहोचतात, आणि तिथे नेणारे पुरावे भरपूर असतात. नोमाईंना विश्वाच्याही आधीचा वाटणारा एक संकेत पाठवणारे स्थळ, ज्याला ते ‘विश्वाचा डोळा’ म्हणत, शोधायचे होते. त्यासाठी दरवेळी यादृच्छिक दिशेने शोधयान डागायचे, निष्फळ ठरले तर ती माहिती मागे पाठवून पुन्हा डागायचे, अशी त्यांची योजना होती, आणि हे चक्र फिरवण्यासाठी सूर्य फोडणारे सन स्टेशनही त्यांनी उभारले. या कामावरून पाय आणि इडेया यांच्यात झालेला वाद भिंतींवर वाचायला मिळतो, एकाला उत्साह आणि दुसऱ्याला ताऱ्याची हत्या करण्याचा संकोच. त्यामुळे सूर्य नोमाईंनीच मारला, ही कथा जुळून येते. तोवर मनात साठलेली त्यांच्याविषयीची आपुलकी इथे डळमळते.

पण सन स्टेशनपर्यंत जे पोहोचतात त्यांना तिथे वेगळेच वाचायला मिळते: यंत्र डागले गेले, आणि सूर्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. स्थानकातील संगणकाच्या नोंदीनुसार सूर्य आपल्या नैसर्गिक आयुष्याच्या अखेरीस पोहोचला आहे. या शोधाला दुजोरा देणारा साक्षीदार जिवंत आहे आणि तो बऱ्याच खेळाडूंना फार आधी भेटलेला असतो. एम्बर ट्विनच्या ध्रुवावर तळ ठोकून बसलेला चर्ट हा खगोलनिरीक्षक आवर्तनाच्या सुरुवातीला आनंदात आपला ताऱ्यांचा नकाशा करत असतो. त्याच्याकडे काही मिनिटांनी पुन्हा गेले तर आकाशात इतके अतिनवतारे एकदम का दिसावेत याने तो अस्वस्थ झालेला आढळतो, आणि शेवटच्या मिनिटांत आपला सूर्यही मरणार हे त्याने ओळखलेले असते. म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष तो कोणत्या मिनिटाला गाठला यावर अवलंबून असते. चर्टला एकदाच भेटून पुढे गेलेला खेळाडू मोठ्या पुराव्याला मुकतो, आणि तो पुरावा आपल्या हातून निसटला हे त्याला कळतही नाही.

तारा स्वतः मेला, त्या ऊर्जेने नोमाईंचे माहिती मागे पाठवणारे, बंद पडलेले यंत्र सुरू झाले, आणि जायंट्स डीप या वादळी महासागराच्या ग्रहाच्या गाभ्यात पडलेल्या उपकरणात अखेरची नोंद सापडते: 93,18,054 व्या शोधयानाने डोळा शोधला आहे. ही नोंद वाचायला एकही नोमाई शिल्लक नव्हता. इंटरलोपर नावाचा धूमकेतू त्यांच्या काळात ग्रहमालेत शिरला होता. तो तपासायला गेलेल्यांपैकी पोक आणि पाय यांना त्याच्या गाभ्यात प्रचंड दाबाखाली कोंडलेला प्राणघातक पदार्थ आढळला, त्यांचा इशारा कुणापर्यंत पोहोचण्याआधीच गाभा फुटला, आणि एवढ्याने एक संपूर्ण संस्कृती संपली. तिच्या विनाशामागे युद्ध नव्हते, अहंकार नव्हता. विज्ञानकथांतील लुप्त संस्कृती बहुधा आपल्याच पापाने मरतात. नोमाईंना त्या साच्यात न बसवता केल्सी बीचम यांनी त्यांना अपघाताने मरू दिले, आणि हा या लेखनातील सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल.

सप्टेंबर 2021 मध्ये ‘एकोज ऑफ द आय’ हा जोडखंड आला तेव्हा निर्मात्यांनी वाचनाचे हे साधनच काढून घेतले. त्यातील आवरणाआड लपलेल्या वर्तुळाकार कृत्रिम विश्वात राहणाऱ्यांनी वाचता येण्याजोगे लेखन मागे ठेवलेले नाही, अनुवादक यंत्र तिथे निरुपयोगी ठरते. आहेत त्या केवळ चित्रांच्या फिरत्या चकत्या, ज्या प्रक्षेपकात घालून पाहायच्या असतात. त्यांतील अनेक चकत्यांची काही चित्रे जाळलेली आहेत. भिंतीवरच्या शब्दांची सवय झालेल्या खेळाडूला आता हावभाव, प्रकाश आणि क्रम यांवरून कथा जुळवावी लागते, जाळलेली चौकट कोणत्या दोन चौकटींमध्ये येते हे पाहून काय लपवले असावे याचा अंदाज बांधावा लागतो, आणि त्याच चकत्यांच्या अखंड प्रती जिथे दडवून ठेवल्या आहेत ती निषिद्ध दालने शोधून काढून तो अंदाज तपासावा लागतो.