आजोबांचे नाव कोणत्या वहीत आहे?

जून महिना लागला की आमचे फोन वाजायला लागतात. बारावी झालेली मुले, त्यांचे आईवडील, कधी वस्तीतला एखादा कार्यकर्ता. विषय एकच असतो. प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र पाहिजे, समितीने १९५० च्या आधीचा पुरावा मागितला आहे आणि घरात कागद नाही. "आमच्या आज्याला शाळाच नव्हती जी, पुरावा कुठून आणणार?" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले की शेवटी नागपुरातल्या एका विहारात रविवारी वंदनेनंतर यासाठीच बसायला सुरुवात केली. आलेल्या माणसाचा अर्ज भरून देणे हा त्यातला छोटा भाग. आपल्या कुटुंबाचा इतिहास कागदावर कसा शोधायचा, हे एकमेकांकडून शिकणे हे खरे काम. त्या बैठकांत जे कळत गेले ते इथे मांडतो आहोत.

आधी १० ऑगस्ट १९५० या तारखेबद्दल. त्या दिवशी अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. म्हणून त्या तारखेपूर्वी आपले कुटुंब कोणत्या जातीचे होते आणि कुठे राहत होते, याचा पुरावा मागितला जातो. त्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध मात्र १९९० मध्ये आले. दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेपासून या दुरुस्तीपर्यंत चौतीस वर्षे गेली. राज्याच्या सवलती आपल्याला १९६० नंतर मिळू लागल्या, केंद्राच्या मिळत नव्हत्या. या काळात आपल्या लोकांनी शाळेत नाव घालताना काय लिहिले? कुणी ठामपणे 'बौद्ध' लिहिले, कुणी 'नवबौद्ध', कुणी 'हिंदू महार'. एकाच घरातल्या तीन भावांच्या दाखल्यांवर तीन वेगळ्या नोंदी आम्ही पाहिल्या आहेत. तरुण मुले ते पाहून चिडतात, मोठ्या काकांनी धम्म सोडला होता का म्हणून विचारतात. तसे नसते. कुठे गुरुजींनी मनाने लिहिले, कुठे बापाने रेल्वेची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले. तो कागद त्या वर्षीच्या कायद्याकडे बघून भरलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचायचा.

आता शोध कुठून सुरू करायचा? स्वतःपासून, आणि मग एकेक पायरी मागे. तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, मग वडिलांचा. वडिलांच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असेल तर आजोबांकडे जा. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांचे भाऊ, चुलतभाऊ, बहिणी. इथे लोक हमखास चुकतात, बहिणींना विसरतात. वडिलांची आत्या दोन वर्षे जरी शाळेत गेली असेल तरी तिची नोंद तुमच्या कामाची आहे, कारण ती वडिलांकडच्या रक्तनात्यातली आहे. नागपुरात किसन फागुजी बनसोड, जाईबाई चौधरी यांच्यासारख्या लोकांनी अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढल्या होत्या, तेव्हा 'बाई आहे म्हणजे शिकली नसेल' असे गृहीत धरू नका. शाळेत टीसीची दुसरी प्रत मागून थांबू नका. दाखल-खारीज रजिस्टरच्या मूळ पानाची साक्षांकित प्रत मागा. त्या पानावर नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळेत घातल्याची तारीख असे सगळे एका ओळीत असते.

शाळेच्या मागची पायरी म्हणजे कोतवाल बुक. आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ यावरच जातो. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा हे जिल्हे इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात होते. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की त्याची खबर पोलीस ठाण्यात पोहोचवणे हे कोतवालाचे काम होते आणि अनेक गावांत तो कोतवाल महार होता. म्हणजे सगळ्या गावाचे जन्म-मरण ज्या वहीत आहे ती वही आपला माणूस काखेत घालून पायी ठाण्यात नेत होता. बहुतेकांना ती वाचता येत नव्हती, आत लिहिणारा दुसराच कुणी असायचा. आज त्याच वह्यांवर पाटलापासून आपल्यापर्यंत सगळ्यांची जात ठरते. एखादा तरुण अभ्यासक हा विषय हातात घेईल तर बरे होईल.

या वहीत शोधताना एक गोष्ट माहीत नसेल तर माणूस रिकाम्या हाताने परत येतो. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. मुलगा झाला की मुलगी, बापाचे नाव, जात आणि तारीख, एवढेच. म्हणून आजोबांच्या नावाने शोधू नका, पणजोबांच्या नावाने शोधा. पणजोबांचे नाव घरी माहीत नसेल तर आधी ते शोधावे लागेल. मृत्यूच्या नोंदी उलट जास्त बोलक्या असतात. मेलेल्याचे नाव असते, वय असते, कारण असते: ताप, हगवण, देवी, पटकी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतली पाने पाहिली तर एकेका घरातली तीन-तीन नावे एका आठवड्यात सापडतात. पुरावा शोधायला आलेली मुले त्या पानावर गप्प होतात.

नावेही आज आपण लिहितो तशी नसतात. आडनाव क्वचित असते. 'अमुक वल्द तमुक, महार, साकिन मौजा अमुक' अशी नोंद असते. मेश्राम, रामटेके, गजभिये, खोब्रागडे ही आडनावे बऱ्याच कागदांत पुढच्या पिढीत येतात. म्हणून आडनावाने शोधणारा फसतो आणि पुढे 'आडनाव जुळत नाही' असा आक्षेपही येतो. त्यासाठी मधला एखादा कागद लागतो, ज्यात आडनाव आणि जुने नाव दोन्ही आहे. घरातले नाव आणि कागदावरचे नाव वेगळे असते, हेही विसरू नका. घरी 'सोमाजी' असलेले आजोबा वहीत 'सोम्या' असतात, कारण लिहिणाऱ्याला त्यांच्या नावापुढे 'जी' लावायचे नव्हते. वारावरून ठेवलेली नावे तर ढिगाने आहेत: सोमा, मंगळ्या, बुधा, शुक्र्या. मूल जगावे म्हणून ठेवलेली कचरू, दगडू, उकंड्या ही नावेही आहेत. त्याच कुटुंबात १९५६ नंतर सिद्धार्थ, राहुल, गौतम, यशोधरा यायला लागतात. धम्मक्रांती समाजशास्त्राच्या पुस्तकात आम्ही वाचली होती, पण एका घराच्या वंशावळीत ती एका ओळीच्या अंतरात दिसते तेव्हाचे वाटणे वेगळे आहे.

जमिनीचे कागद हा तिसरा मार्ग. जमीन नव्हती म्हणून हा मार्ग सोडून देऊ नका. पूर्व विदर्भात मालगुजारी होती. १८६० च्या दशकापासून इथे गावोगाव बंदोबस्त झाले आणि त्यांच्या मिसली तयार झाल्या. त्यात कुळे असतात, कोतवालाच्या सेवेची जमीन असते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास अधिकार अभिलेख तयार झाले. हे १९५० नंतरचे आहेत, पण नाव, बाप आणि गाव जोडायला उपयोगी पडतात. वऱ्हाडाची गोष्ट वेगळी. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हा निजामाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता आणि तिथे रयतवारी होती. तेव्हा मामाच्या गावाला मिळालेला कागद आपल्या गावालाही मिळेल असे समजू नका. महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांच्या जुन्या अभिलेखांच्या स्कॅन प्रती घरबसल्या दिसतात, आधी तिथे बघा. आणि जिल्हे फुटले आहेत हे ध्यानात ठेवा. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाले. जुनी मिसल कधी कधी जुन्याच जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात पडलेली असते.

नागपूर शहरात अजून एक गुंता आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षा दिली तेव्हा हे शहर मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबरला ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, राजनांदगाव इथून गिरणीत आणि विडी कारखान्यांत कामाला आलेली आपली शेकडो कुटुंबे या शहरात आहेत. ती १९५० च्या आधी आली की नंतर, यावर त्यांचा दाखला कोणत्या राज्यातून निघणार हे ठरते. अशा घरांसाठी गिरणीचे कागद जपून ठेवण्यासारखे आहेत. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिथे आपल्या तीन-तीन पिढ्या खपल्या. भविष्य निर्वाह निधीची पावती, कामगाराचे तिकीट, युनियनची पावती, घरटॅक्सची पावती यांतून राहण्याचे ठिकाण सिद्ध करायला मदत होते. घर आवरताना ही रद्दी बाहेर जाते. दिवाळीच्या साफसफाईआधी एकदा ट्रंक उघडून बघा, असे आम्ही सगळ्यांना सांगतो.

फौजेत कुणी होते का, हेही विचारा. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या भारतीय सैनिकांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने इंटरनेटवर ठेवली आहे आणि त्यात कित्येकदा बापाचे नाव व गावही असते.

नकलेसाठी अर्ज करताना मौजा, तहसील, पणजोबांचे नाव आणि कमीत कमी दहा वर्षांचा कालखंड लिहा. एकच साल लिहिले तर 'आढळून येत नाही' असे उत्तर येते आणि ते खोटेही नसते. एकदा आमच्यासमोर एका मुलीला तोंडी सांगण्यात आले की रेकॉर्ड जळाले. आम्ही म्हटले, तसे लिहून द्या. दुसऱ्या आठवड्यात वही सापडली. आता आम्ही नकार नेहमी लेखी मागतो. वही खरोखर नसेल तर तो लेखी नकारही प्रकरणात जोडता येतो. माहितीचा अधिकार आहेच, पण पहिल्या दिवशी तो उगारू नका. अभिलेख कक्षात बसणारा कारकून कित्येकदा या वह्यांचा सगळ्यात चांगला जाणकार असतो. वडील, काका किंवा सख्ख्या भावाची वैधता आधीच झालेली असेल तर काम बरेच सोपे होते, म्हणून घराण्यात ज्याची वैधता झाली आहे त्याच्या कागदांची एक पूर्ण फाईल सगळ्यांसाठी ठेवा. भाऊबंदकीच्या भांडणात ही फाईल अडवून ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याविषयी काय लिहावे?

जुनी काही पाने मोडीत असतात. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घेते. आपल्या मुलामुलींनी तिथे गेले पाहिजे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या वेळी तपासलेल्या वह्या एका जातीच्या नव्हत्या, गावाच्या पानावर सगळे गाव असते. ज्याला मोडी वाचता येते त्याला त्याच पानावर आपलीही माणसे दिसतात.

प्रत्येक बैठकीत कुणीतरी एक प्रश्न विचारतेच. ज्या शब्दातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले, तो शब्द आपण कागदावर का शोधत बसायचे? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला आम्ही गप्प करत नाही. हक्कासाठी हा शब्द लागतो, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर आम्हाला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या कुटुंबशोधातून मिळाले. तिथे १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यात मालकाचे नाव होते, गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग. बहुतेकांचे नाव पहिल्यांदा १८७० च्या जनगणनेत आले. त्यांची नातवंडे-पतवंडे त्या बिननावाच्या याद्याही उघडून बघतात, वय जुळवतात. गुलामी संपल्यावरच्या फ्रीडमेन्स ब्युरोच्या कागदांची नावनिशी सूची हजारो स्वयंसेवकांनी मिळून केली. ब्राह्मण-मराठा घराण्यांची नामावळ नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत सापडते. आपल्याला काळाराम मंदिराच्या दारासाठी १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला, तिथे आपली चोपडी कोण ठेवणार होते? आपली नावे त्या वहीत 'महार' या शब्दासकट आहेत. त्या शब्दाला चिकटून आलेला माणूस आपला आहे.

आणि आपल्याकडे जनगणनेचा रस्ताही नाही. आपल्या जनगणनेत घरोघरची माहिती गोपनीय असते, छापले जातात ते फक्त आकडे. म्हणून तोंडी इतिहासाला पर्याय नाही. आजीला 'तू कोणत्या साली जन्मलीस' विचारून उपयोग नाही. दीक्षेच्या वेळी ती केवढी होती, लग्न झाले होते का, कडेवर कोण होते, पांढरी साडी कुठून आणली, हे विचारा. जास्त म्हाताऱ्या कुणी असतील तर जुलै १९४२ च्या नागपूरच्या परिषदेची आठवण घरात कुणी सांगायचे का ते विचारा. तिथेच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली होती. मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी घ्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक अशाच मुलाखती घेत फिरून लिहिले. वसंत मून यांचे 'वस्ती' वाचा, नागपूरच्या एका मोहल्ल्याचा इतिहास कसा लिहिता येतो ते कळेल.

सरकारी वंशावळीचा तक्ता बापाकडून वर जातो, त्यात आईची आई बसत नाही. आमच्या बैठकीत म्हणून दोन कागद देतो. एक समितीसाठी. दुसऱ्यावर दोन्ही आज्या आणि चारही पणज्या, त्यांच्या माहेरच्या गावांसकट. पहिला कागद बहुतेक जण आठवड्यात भरून आणतात. दुसऱ्यावर आजवर एकाही मुलाला पहिल्या खेपेला चार पणज्यांची नावे लिहिता आलेली नाहीत. मागच्या रविवारी एक जण तीन नावे घेऊन आला. चौथीसाठी पवनीजवळच्या एका गावी त्याच्या आईची म्हातारी मावशी आहे, तिला ऐकू कमी येते, म्हणून तो आईला सोबत घेऊन जाणार आहे.