पोरं आजीकडे, कागद कुणाकडे?

ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं, तेव्हा कागद होतो. त्यावर सही किंवा अंगठा उठतो, साक्षीदार लागतात, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहिली जाते. पुढे आठवडाभरात तेच जोडपं सात-आठ वर्षांचं लेकरू आजीच्या हवाली करून पाच-सहा महिन्यांसाठी गाव सोडतं. त्या वेळी मात्र कुणी चिठोराही लिहीत नाही. ‘लेकराकडं बघा’ एवढं म्हटलं की झालं.

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या भागात, विशेषतः सिंदखेडराजा, लोणार, देऊळगाव राजा आणि मेहकर या तालुक्यांच्या काही गावांत, ही दरवर्षीची रीत आहे. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, त्यामुळे बाप गेला आणि आई मागे राहिली असं सहसा होत नाही. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी पुण्याला बांधकामावर. घाटाखाली जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्यालगतच्या पाड्यांतूनही माणसं कामासाठी बाहेर पडतात. हे फक्त मजुरांचंच नाही. चिखली, बुलढाणा किंवा खामगावला शिकायला मामाकडे ठेवलेला भाचा, आईच्या आजारपणात मावशीकडे नेलेली भाची, हीही त्याच प्रकारातली मुलं. आईबाप हयात आहेत, मूल त्यांचंच आहे. काही काळ सांभाळणारा हात तेवढा दुसऱ्याचा आहे.

अडचण येते ती या दुसऱ्या हाताला सही करायची वेळ आली की. शाळेचा दाखला, सरकारी दवाखान्यातला संमतीचा अर्ज, बँकेचा फॉर्म. प्रत्येक ठिकाणी ‘पालकाची सही’ असा रकाना असतो आणि समोर आजी उभी असते.

अशा तात्पुरत्या सोपवणुकीसाठी भारतात ठरलेला छापील नमुना नाही. कॅलिफोर्नियात तो आहे. तिथे मूल सांभाळणारा नातेवाईक स्वतःच एक प्रतिज्ञापत्र भरून सही करतो. त्यावर शाळेत प्रवेश मिळतो, डॉक्टर उपचार करतात, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आपल्याकडे वेगवेगळ्या कायद्यांतल्या तरतुदी जोडून काम भागवावं लागतं. मात्र लोकांना वाटतं त्याहून बरंच काही या तरतुदींत बसतं.

शाळेपासून सुरुवात करू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पालकाची व्याख्या मुद्दाम सैल ठेवली आहे. मुलाची देखभाल आणि ताबा ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती म्हणजे पालक. नैसर्गिक पालक आणि कोर्टाने नेमलेला पालक हेही त्यात आले. म्हणजे सहा ते चौदा वयाच्या नातवासाठी आजी शाळेच्या दृष्टीने पालकच आहे. ‘आईबापाला आणा, मग प्रवेश देऊ’ हे म्हणणं या कायद्याच्या विरोधात जातं. टीसी यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही, या कारणांवरूनही प्रवेश नाकारता येत नाही. गाव सोडणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, ते कार्ड दाखवलं की नव्या गावच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचं. मूल गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहंही चालवली जातात. त्यांतली बरीचशी नावापुरतीच वसतिगृहं असतात: दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीच्याच घरी. आजीच्या चुलीवरचा भार तेवढ्याने हलका होतो आणि ही सोय वाईट मुळीच नाही. पण रात्री दोन वाजता लेकरू तापाने फणफणलं, तर त्याला दवाखान्यात नेण्याचा निर्णय आजीलाच घ्यावा लागतो.

दवाखान्याबद्दल गावात सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला पालकाची ‘किंवा मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्या व्यक्तीची’ संमती पुरते, असं म्हटलं आहे. जुन्या दंड संहितेतही हे होतंच. आईबापांनी स्वतःहून लेकरू आजीकडे ठेवलं असेल तर आजी या शब्दांत बसते, असं म्हणायला भक्कम आधार आहे. जीव जाण्याचा प्रसंग असेल आणि विचारायला कुणीच जवळ नसेल, तर संमतीवाचून ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाही कायदा वाचवतो. कलमाखालच्या उदाहरणात नेमकं अपघात झालेलं मूलच घेतलं आहे. शिवाय तातडीचे उपचार आधी, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच डॉक्टरांना बजावलं आहे.

प्रत्यक्षात मात्र डॉक्टर बिचकतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. हाडाचं ऑपरेशन, अपेंडिक्स, भूल देऊन करायची कुठलीही गोष्ट, यांत चार तास थांबता येण्यासारखं असेल तर ते आईबापाच्या सहीची वाट पाहतात. मूल बारा ते अठरा वर्षांचं असेल तर अधिकच. बाप सांगलीच्या फडात, फोन बंद, आणि आजी लेकराला घेऊन अकोल्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात: अशा वेळी आईबापांनी आधीच सही करून ठेवलेला एक कागद फार कामाला येतो.

तो कागद कोणता, याबद्दल गोंधळ आहे. तहसीलसमोरचा अर्जनवीस कधी ‘दत्तकपत्र करून टाका’ म्हणतो, कधी ‘कोर्टातून पालकत्व घ्या’ म्हणतो. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. दत्तक झालं की परत फिरता येत नाही. हिंदू दत्तक कायद्यानुसार रीतसर झालेलं दत्तक खुद्द आईबापांनाही रद्द करता येत नाही; सहा महिन्यांच्या सोयीसाठी आयुष्यभराचं नातं तोडण्याचा हा प्रकार झाला. राहिलं कोर्ट. 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो. पण बाप किंवा आई हयात असून अपात्र नसेल, तर न्यायालयाने तिसऱ्याला मुलाचा पालक नेमू नये, असं तोच कायदा सांगतो. म्हणजे वकिलाची फी जाते आणि हाती काही येत नाही. कोर्ट खरंच लागतं ते आईबाप दोघेही नसताना, बेपत्ता असताना, किंवा मुलाच्या नावावर शेत असून त्याचा व्यवहार करायचा असेल तेव्हा.

शेताचं तर वेगळंच लिहायला हवं, कारण भांडणं तिथेच पेटतात. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू असलेला 1956 चा पालकत्व कायदा नुसत्या सांभाळणाऱ्याला मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करू देत नाही. काकाने पुतण्याला दहा वर्षं जेवू घातलं म्हणून पुतण्याच्या सातबाऱ्यावर त्याला सही करता येत नाही. आईचा अधिकार मात्र बापाच्या मागोमाग येतो असं नाही. रिझर्व्ह बँकेने आईची सही नाकारली म्हणून लेखिका गीता हरिहरन न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कायद्यातल्या ‘बापानंतर’ या शब्दांचा अर्थ ‘बापाच्या गैरहजेरीत’ असा लावला, मग ती गैरहजेरी मृत्यूमुळे असो वा अन्य कारणाने. कामासाठी एकटाच बाहेरगावी गेलेल्या नवऱ्याची बायको गावात असेल, तर शाळेने वा बँकेने ‘मालकांना बोलवा’ म्हणणं म्हणूनच शोभत नाही.

तेव्हा लागतं ते साधं संमतीपत्र. त्याला अधिकारपत्र म्हणा, नाव महत्त्वाचं नाही. दोन गोष्टी त्यात ठळक हव्यात, मुदत आणि मर्यादा.

मुदतीचं महत्त्व मुंबईच्या एका खटल्यातून कळतं. आईला कर्करोग झाला, बापही गंभीर आजारी पडला. तेव्हा आईच्या भावंडांनी तान्ह्या मुलीला आपल्याकडे नेऊन सांभाळलं आणि चांगलं सांभाळलं. पुढे आई वारली, बाप बरा झाला, त्याने मुलगी परत मागितली. नातेवाइकांनी नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे 2019 मध्ये न्या. आर. भानुमती यांच्या खंडपीठाने मुलगी बापाला देण्याचा आदेश कायम ठेवला. अडचणीच्या काळात कुणी मूल सांभाळलं म्हणून नैसर्गिक पालकाचा हक्क जात नाही, असा त्याचा रोख होता. सांभाळणाऱ्यांना भेटीची मुभा मिळाली. दोन्ही बाजूंनी मायाच होती, हे या खटल्यातलं वाईट वाटण्यासारखं. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ एवढी एक ओळ आधी लिहिलेली असती, तर भांडण टळलंच असतं असं नाही. पण मूल कायमचं दिलं होतं की सांभाळायला, हा वाद तरी उरला नसता.

म्हणून पत्रात आईबाप दोघांची नावं आणि सह्या हव्यात; घटस्फोट झालेला असेल तर ताब्याचा आदेश काय म्हणतो तेही. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सांभाळणाऱ्याचं नाव, नातं, पत्ता. शाळेतला प्रवेश, दाखले, पालकसभा यांसाठी सही करण्याची मुभा. दवाखान्याबद्दल मोघम लिहू नये: लसीकरण आणि नेहमीचे उपचार यांना संमती, आणि आमच्याशी संपर्क झाला नाही तर ऑपरेशनच्या अर्जावर सही करण्याचीही. मुलाला एखादं औषध सोसत नसेल तर ते इथेच लिहावं. फोन नंबर आपलाच नाही, मुकादमाचा आणि टोळीतल्या दुसऱ्या कुणाचाही द्यावा, कारण फडात चार्जिंगची बोंब असते. शेवटी स्पष्ट लिहावं की हे दत्तक नाही, मालमत्तेचा कुठलाही अधिकार यात नाही आणि आम्ही हे केव्हाही मागे घेऊ शकतो. दोन साक्षीदार, त्यात मुख्याध्यापक किंवा सरपंच असला तर बरं. नोटरी केली तर वजन वाढतं, पण न केल्याने कागद बाद होत नाही. शंभराचा स्टॅम्प शोधत फिरू नये. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात शंभर-दोनशेच्या मुद्रांकाच्या जागी किमान पाचशेचा आला आहे. एक प्रत शाळेत, एक आजीच्या ट्रंकेत, एक सोबत. आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये.

आईबापांपैकी एक किंवा दोघेही नसतील तर गोष्ट निराळी. 2006 मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजसाठी विदर्भातले जे सहा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्हे निवडले गेले, त्यांत बुलढाणा होता. बाप किंवा आई गमावलेल्या घरांत कोविडने आणखी भर घातली. अशा मुलांना नातेवाइकांच्या घरी सांभाळण्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. 2023 मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं आणि दरमहा मदत 1,100 वरून 2,250 रुपये झाली. आदेश जिल्ह्याची बालकल्याण समिती देते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असते. कागदपत्रांत सांभाळणाऱ्यासोबत घरासमोर काढलेला मुलाचा फोटोही मागतात. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या धडधाकट आईबापांच्या मुलांसाठी ही योजना नाही, तरी ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणारे दलाल गावोगाव फिरतातच.

सांभाळणाऱ्यावर जबाबदारीही येते. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याने मारहाण केली, हेळसांड केली, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने हे केलं तर शिक्षा वाढते: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. नोव्हेंबर 2016 मध्ये खामगाव तालुक्यातल्या एका निवासी आश्रमशाळेतला लैंगिक अत्याचार उघड झाला, तो दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्यावर. तोवर भिंतीआडचं बाहेर आलं नव्हतं. आजीकडे ठेवा नाहीतर वसतिगृहात, मुलाशी एकट्याने, फोन स्पीकरवर न ठेवता बोलता आलं पाहिजे, आणि 1098 हा नंबर मुलाला तोंडपाठ हवा. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती वाटते म्हणून तिचं लग्नच उरकण्याचे प्रकार होतात. कायद्याने तो गुन्हा आहे. ती भीती घालवायला मात्र मुलींची नीट चालणारी वसतिगृहं लागतात, आणि ती पुरेशी नाहीत.

उरला बँकेचा फॉर्म. शिष्यवृत्तीसाठी नातवाचं खातं आजीच्या सहीने उघडेलच असं नाही, कारण बँकेला नैसर्गिक किंवा कायदेशीर पालक लागतो. पण मूल दहा वर्षांचं झालेलं असेल तर त्याला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडता आणि चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने हे एप्रिल 2025 च्या परिपत्रकात पुन्हा स्पष्ट केलं आहे. किती रकमेपर्यंत, ते प्रत्येक बँक ठरवते. लहान भावंडांची खाती आईने दिवाळीत, ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर यायच्या आधीच, उघडून ठेवलेली बरी.