जुनी आलिशान सेडान घेताना

मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लाससारखी मोठी आलिशान सेडान, म्हणजे स्वतंत्र डिकी असलेली चार दारांची गाडी, नवी असताना कोटीच्या घरात जाते. परंतु पहिल्या काही वर्षांतच तिचे बाजारमूल्य झपाट्याने घसरत असल्यामुळे, आधीची गाडी बदलू पाहणाऱ्याला ती पुढे एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळू शकते. सुट्या भागांचे आणि दुरुस्तीचे दर मात्र तसे उतरत नाहीत.

एस-क्लासच्या २००५ साली आलेल्या पिढीचेच पाहावे. तिच्या बहुतेक गाड्यांत पोलादी स्प्रिंगांऐवजी ‘एअरमॅटिक’ ही हवेवर चालणारी सस्पेन्शन यंत्रणा आहे. तीत हवा भरलेल्या रबरी पिशव्या गाडीचा भार पेलतात आणि कॉम्प्रेसर त्यांतील दाब राखतो. वयोमानाने रबराला भेगा पडल्या की हवा गळू लागते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वारंवार चालतो आणि अखेर तोही निकामी होतो. म्हणून अशी गाडी सकाळी, इंजिन सुरू होण्यापूर्वीच पाहावी: रात्रभर उभ्या गाडीचा एक कोपरा खाली बसला असेल, तर गळती आहे असेच धरून चालावे. विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली असल्यास ही खूण लपते.

परराज्यातील गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि येथील रस्ताकरही भरावा लागतो, हा खर्च किमतीतच धरावा. सर्व्हिसची सलग नोंद नसलेली गाडी, कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नये.