पिकप गाडीचे टायर घेताना भारांक पाहावा

रहिमतपूर व कोरेगाव भागातील आले, घेवडा व भाजीपाला पूर्वी बैलगाडीतून बाजारास जात असे. गाडी करवून घेण्यास कोणी गेला म्हणजे सुतार प्रथम विचारी, ‘हिच्यात काय भरणार?’ मग त्या ओझ्याप्रमाणे आस व चाकाची धाव ठरे. सांप्रत बैलगाडीची जागा बहुतेक ठिकाणी पिकपने घेतली आहे. परंतु सुताराचा तो प्रश्न आपण विसरलो आहो. टायर घेताना आपण केवळ किंमत विचारतो. या विसराचा दंड आमच्या घरास भरावा लागला, म्हणून हा लेखनप्रपंच.

मागील उन्हाळ्यात आमच्या चिरंजिवांनी पिकपचे मागील दोन्ही टायर बदलले. माप तेच, किंमत मात्र बरीच कमी. आल्याची पोती भरून गाडी पुण्यास निघाली. माल परवान्याहून अधिक नव्हता. साताऱ्याच्या पुढे भर दुपारी डावा मागील टायर फुटला व गाडी कडेच्या चरात गेली. गाडीवरील गड्याचा हात मोडून तो दोन महिने घरी बसला. त्या दिवसाचा बाजारही हुकला. पुढे जुना व नवा टायर शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा जुन्यावर ११२ व नव्यावर १०० हा आकडा आढळला. नवा टायर प्रवासी मोटारीचा होता. पंचवीस वर्षे मी लोकांचे सातबारे वाचले. परंतु स्वतःच्या गाडीच्या चाकावरील आकडा कधी वाचला नव्हता.

हा आकडा म्हणजे भारांक होय. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे तो इंग्रजी अंकांत उठविलेला असतो. तो किलो नव्हे. प्रत्येक अंकास वजन ठरलेले आहे. १०० म्हणजे एका टायरास ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,००० व ११२ म्हणजे १,१२० किलो. ‘११२/११०’ असे दोन आकडे असल्यास पहिला एकेरी चाकाचा व दुसरा जोडचाकाचा समजावा. पुढील अक्षर वेगाची मर्यादा दाखविते.

आता हिशेब पाहू. गाडी नेहमीप्रमाणे भरून वजनकाट्यावर केवळ मागील चाके उभी करावी. आमच्या गाडीचे तेथे सुमारे १,९०० किलो भरले. १०० अंकाचे दोन टायर १,६०० किलोच पेलतात. म्हणजे ३०० किलोंची तूट प्रथमपासूनच होती. १०८ अंकाचे दोन टायर २,००० किलो पेलतात, परंतु पोती एका बाजूस सरकली तर तेवढी शिल्लक पुरत नाही. ११२ अंकाच्या जोडीस २,२४० किलोंची शक्ती असते. गाडी बनविणाऱ्याने सांगितलेल्या अंकाहून खालचा टायर तर कदापि घेऊ नये. एका आसावरील दोन्ही टायर एकाच जातीचे असावेत.

तथापि टायरचा अंक वाढविला म्हणून गाडीची शक्ती वाढत नाही. आस, पाटे व ब्रेक पूर्वीचेच राहतात. २०१९ च्या कायदेदुरुस्तीने जादा भारास २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठरविला आहे, हेही ध्यानात असावे.

भारांकाचे वजन टायर पेलतो ते पुरती हवा असेल तरच. हवा कमी असली म्हणजे टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास दुमडते, तापते व अखेर फाटते. यास्तव गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असता हवा मोजावी. टायर खरेदी करताना बाजूवरील चार अंकी तारीखही पाहावी. त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे असतात. ‘१४२४’ म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा.

जमीन घेताना उतारा वाचल्यावाचून आपण इसार देत नाही. टायरास तोच नियम लावावा. आमच्या गड्याचा हात जुळला, परंतु भरले पोते त्यास अद्याप उचलवत नाही. टायरमध्ये वाचविलेले पैसे त्याच्या औषधोपचारासही पुरले नाहीत.