नागमोडी रेघ म्हणजे चूक नव्हे

लोणावळा-मावळच्या पर्यटनासाठी संकेतस्थळ बनवायचे आहे, तेही इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत. रोमन लिपीत ‘कामशेत’, ‘तिकोना’ टाइप केले की खाली नागमोडी रेघ उमटते. फ्रेंच मजकूर आला की पानभर रेघाच. वैतागून व्हीएस कोडमधले ‘कोड स्पेल चेकर’ हे शुद्धलेखन तपासणारे एक्स्टेन्शन बंद करण्याआधी हे गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज : रेघ आली, म्हणजे शब्द चुकला.
वस्तुस्थिती : हा शब्द कोशात नाही, एवढेच रेघ सांगते. गावांची, गडांची नावे प्रकल्पाच्या शब्दयादीत घाला. ती यादी कोडसोबत ठेवली, की सगळ्या सहकाऱ्यांना लागू होते.

गैरसमज : सेटिंगमध्ये भाषा फ्रेंच केली, की काम झाले.
वस्तुस्थिती : फ्रेंच कोशाचे एक्स्टेन्शन वेगळे घ्यावे लागते. मग सेटिंगमध्ये इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांचे संकेत स्वल्पविराम देऊन लिहायचे. नुसते फ्रेंच ठेवले, तर इंग्रजी शब्दांखाली रेघा येऊ लागतात.

गैरसमज : जितके कोश जास्त, तितकी तपासणी चोख.
वस्तुस्थिती : इंग्रजी ‘ॲड्रेस’मध्ये दोन डी असतात, फ्रेंचमध्ये एकच डी आणि शेवटी ई. फ्रेंच कोश सगळीकडे चालू असला, तर कोडमधल्या इंग्रजी नावात चुकून आलेले फ्रेंच रूप सहज निसटते. म्हणून तो फ्रेंच मजकुराच्या फायलींपुरताच चालू करावा.

गैरसमज : गावाचे नाव कसेही लिहिले तरी चालते.
वस्तुस्थिती : रोमन लिपीत लोणावळा दोन तऱ्हांनी लिहिले जाते, ‘व्ही’नंतर कोणी ‘ए’ देतात, कोणी गाळतात. माणसाला दोन्ही कळतात, पण संगणकाला ती दोन वेगळी गावे वाटतात आणि शोध फसतो. एक रूप ठरवून ते शब्दयादीत घाला, दुसरे निषिद्ध शब्दांच्या यादीत टाका. मग ते लिहिले गेले, की साधन लगेच दाखवते.

गैरसमज : मराठी कोश म्हणजे नुसती शब्दांची यादी.
वस्तुस्थिती : उद्या संकेतस्थळावर मराठी पानेही आली, तर लोणावळ्यात, लोणावळ्याहून, लोणावळ्यातल्या... एका नावाची किती रूपे! लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरतात ते शुद्धलेखन तपासणारे साधन ‘हनस्पेल’ मूळचे हंगेरियन भाषेसाठी घडले. तीही मराठीसारखीच प्रत्ययांची भाषा, म्हणून त्यात शब्दांच्या यादीसोबत प्रत्यय जोडण्याचे नियमही देता येतात. मराठी कोशाला असे सामान्यरूपाचे नियम हवेतच. ते नीट लिहिले, तर ‘लोणावळा’ एकदा नोंदवून त्याची सगळी रूपे ओळखली जातील.